पुण्यातली घरपोच रुग्णसेवा: बदलीची मावशी कशी येते, ते आधी बघा

पाचापैकी साडेतीन गुण. दीड गुण कुठे कापला ते पुढे येईलच, पण सेवा आम्ही सोडलेली नाही, हे आधी सांगते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, म्हातारी नुसती भांडायला बसलीय.

कंपनीचं नाव लिहिणार नाही. पुण्यात त्यांच्या बऱ्याच शाखा आहेत, प्रत्येक शाखेची मॅनेजर वेगळी, आणि हा सगळा धंदा मॅनेजरच्या जोरावर चालतो. आमच्या शाखेचा राग दुसऱ्या शाखेवर निघायला नको. शिवाय इथे जे लिहितेय ते थोड्याफार फरकाने अशी माणसं पुरवणाऱ्या कुठल्याही ब्युरोला लागू पडेल, असं आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या बायकांशी बोलून माझं मत झालंय.

आम्ही सहकारनगरला राहतो. पहिला मजला, लिफ्ट नाही. यांना पार्किन्सन्स आहे, वय 77. मुलगा बंगळूरला, मुलगी ठाण्याला. दोघंही येऊन-जाऊन असतात, पैशाला कमी पडू देत नाहीत, पण सकाळी पलंगावरून उठवायला व्हिडिओ कॉलचा उपयोग नसतो. माझी सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरतात, आणि यांचं वजन 72 किलो. कुणीतरी धट्टंकट्टं माणूस घरात लागणार, हे उघडच होतं.

पार्किन्सन्स म्हटलं की लोकांना थरथरणारा हात आठवतो. यांचा हात फारसा थरथरत नाही. यांचं अडतं ते खुर्चीतून उठताना, वळताना, दारातून आत जाताना. पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो आणि वरचं अंग मात्र पुढे जातं. पडायला होतं ते तिथेच. आवाज इतका बारीक झालाय की टीव्ही चालू असेल तर ऐकू येत नाही. पाणी पिताना ठसका लागतो. एकदम उभं राहिलं की रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि या सगळ्यावर हुकूम चालतो गोळ्यांच्या घड्याळाचा. लेव्होडोपाच्या गोळीचा अंमल काही तासच टिकतो, तो उतरला की माणूस आखडतो. खाण्यातली प्रथिनं या गोळीच्या आड येतात, म्हणून आमच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलंय की गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी आणि पाण्याबरोबर. दुधाबरोबर अजिबात नाही. सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात. यात ढिलाई झाली की पुढचे दोन-तीन तास वाया.

हे एवढं लांबण लावलं, कारण घरी येणाऱ्या माणसाला यातलं किती कळतं, त्यावरच सेवेचा कस लागतो. हसतमुख, स्वच्छ, वेळेवर येणारी बाई हवीच. पण हसतमुखाने चुकीच्या वेळी गोळी दिली तर त्या हसण्याचं काय करायचं?

आता दर. बारा तासांच्या ड्युटीचे आम्ही रोजचे 850 रुपये देतो. चोवीस तासांचे 1,200 सांगितले होते. नोंदणीचे 2,000 एकदाच, आणि पंधरा दिवसांचे पैसे आगाऊ. आम्ही सकाळी आठ ते रात्री आठ घेतलंय. चोवीस तासांची मावशी नको म्हटलं, त्याला कारण आहे. चोवीस तास घरात राहणारी बाई रात्री झोपणारच, आणि तिने झोपायलाच हवं. आमच्या दोन खोल्यांत तिला नीट झोपायला जागा कुठली देणार? आमच्या ओळखीत एके ठिकाणी मावशीला स्वयंपाकघरात फरशीवर सतरंजी टाकून देतात, रात्री चार-पाच वेळा उठवतात आणि सकाळी ती पेंगते म्हणून ब्युरोकडे तक्रार करतात. अशा घरांचंही कुणीतरी परीक्षण लिहायला पाहिजे.

पहिल्या फोनवर मॅनेजर म्हणाली, "काकू, काळजी करू नका, ट्रेंड सिस्टर पाठवते." मी विचारलं, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का? मग जरा थांबून म्हणाली, "तशा सिस्टर नाहीत, अटेंडंट आहेत." इथे सगळ्यांनी कान टवकारावेत. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, एएनएम दोन वर्षांचा. दोघींचीही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते आणि नंबर मागितला तर देता येतो. अटेंडंट म्हणजे जिने काही महिन्यांचा जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केलाय, किंवा तोही न करता अनुभवावर शिकलीय. आम्हाला अटेंडंटच हवी होती. उठवणं, बसवणं, अंघोळ, खाऊ घालणं, चालवणं, गोळ्यांची आठवण, एवढ्याला नर्स कशाला? पण ज्यांच्या घरी नाकातली नळी आहे, लघवीची पिशवी आहे, इंजेक्शनं आहेत, त्यांनी "सिस्टर" या हाकेवर भुलू नये, नंबर मागावा. नर्सची सेवा आम्ही घेतलेली नाही, तेव्हा त्यावर माझं मत नाही.

कंपनीला पूर्ण गुण द्यावेत अशी गोष्ट म्हणजे सुरुवातीची घरभेट. 500 रुपये घेतले, पण वसूल झाले. खरीखुरी जीएनएम झालेली मुलगी आली, पंचविशीतली असेल. आल्याआल्या रक्तदाब बघितला. आधी आडवं झोपवून, मग उभं करून, मग उभं राहून थोडा वेळ गेल्यावर परत. पलंगावर बसल्यावर यांचे तळपाय जमिनीला पुरते टेकतात का ते वाकून पाहिलं. टेकत नव्हते, गादी फार जाड होती. बाथरूमच्या दारातलं पायपुसणं स्वतः उचलून गॅलरीत ठेवलं आणि म्हणाली, "आजी, हे परत इथे दिसायला नको." मोरीचा उंबरठा काढून टाकायला सांगितला. कमोडशेजारचा दांडा आम्ही आधीच बसवला होता, तो चुकीच्या बाजूला निघाला; यांची डावी बाजू जास्त आखडते आणि दांडा डाव्याच हाताला होता. गवंडी बोलावून दुसरा बसवला. रात्री बाथरूमपर्यंतच्या वाटेवर मंद दिवा लावा म्हणाली, तोही लावला. एवढं बारकाईने आमच्या घराकडे कुठल्या डॉक्टरनेही पाहिलं नव्हतं. ते बिचारे त्यांच्या केबिनमध्ये बसलेले, त्यांना आमचा उंबरठा कुठून दिसणार!

आणि मग आमच्या मावशी आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण या कामात सगळ्यांनाच मावशी म्हणतात, मीही म्हणते. मूळच्या परभणीकडच्या, राहायला धनकवडीला. आधी हॉस्पिटलात काम केलेलं, कोर्सही केलेला. मला काकू म्हणतात, यांना काका. यांना खुर्चीतून कसं उठवतात ते बघण्यासारखं असतं. हात धरून ओढत नाहीत, काखेत हात घालून उचलत नाहीत. "काका, पुढं सरका. अजून. पाय मागं घ्या. आता पुढं वाका... हां, उठा." स्वतः बाजूला उभ्या, एक हात कमरेपाशी. जोर यांचाच, मावशींचा फक्त आधार. उठल्यावर लगेच चालवत नाहीत. एक मिनिटभर तिथेच उभं करतात, तोंडाकडे बघत राहतात. चक्कर येतेय का, ते बहुधा यांच्या आधी त्यांना कळतं.

पण खरी कमाल दारातली. बाथरूमच्या दाराशी हे हमखास अडकायचे. मी "चला ना, चला" म्हणायची आणि त्याने पाय आणखीच घट्ट व्हायचा. मावशींनी पहिल्याच आठवड्यात एक युक्ती काढली. त्यांच्या माहेरी वारीची परंपरा आहे. दाराशी आल्यावर त्या हळूच टाळी वाजवत "ज्ञानोबा माउली तुकाराम, ज्ञानोबा माउली तुकाराम" सुरू करतात, वारकऱ्यांच्या पावलीच्या ठेक्यात. आणि यांचा पाय उचलला जातो. एक, मग दुसरा, आणि दार पार. आता हे गृहस्थ जन्मभर कारखान्यात इंजिनियर. देव मानत नाहीत. दर वर्षी आषाढी वारीत नाना पेठ, भवानी पेठेत पालख्यांचा मुक्काम असला की रस्ते बंद होतात म्हणून घरात बसून कुरकुर करायचे. त्यांना आता माउलींच्या ठेक्यावर मोरीत जावं लागतं! मी हसले तर तेही हसले. या आजारात चेहऱ्यावरचं हसू दुर्मीळ होतं, म्हणून लिहून ठेवलं.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, यात चमत्कार काही नाही. आपोआप चालण्याची मेंदूतली यंत्रणा अडखळते, तेव्हा बाहेरून ठेका मिळाला किंवा डोळ्यांना ओलांडायला रेघ मिळाली, तर मेंदू दुसऱ्या वाटेने पाय हलवतो. मग आम्ही दारापाशी फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघाही मारल्या. त्याचाही उपयोग होतो, पण ठेक्याइतका नाही. निदान आमच्या घरी नाही.

खाण्याचंही तसंच. यांना पूर्ण ताठ बसवल्याशिवाय मावशी घास देत नाहीत. पाण्याचे छोटे घोट, हनुवटी थोडी खाली, आणि घोट गिळून झाल्याशिवाय बोलायला लावायचं नाही. मला गप्पा मारायची सवय, म्हणून मलाच दटावतात. भाकरी आमटीत कुस्करून, भात मऊ, कोरडा चिवडा-फरसाण बंद. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देत नाहीत.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग पाचपैकी पाच का नाहीत? कारण मावशी माणूस आहेत. त्यांना सुट्टी लागते, त्यांचा मुलगा आजारी पडतो, गौरी-गणपतीला गावी जावं लागतं. त्या आल्या नाहीत की कंपनीची परीक्षा सुरू होते. माहितीपत्रकात छापलंय, "दोन तासांत पर्यायी अटेंडंट." हेच वाक्य वाचून मी ही कंपनी निवडली होती.

पहिली बदलीची मावशी अकरा वाजून गेल्यावर आली. कुणी येतंय की नाही याचा फोन नाही. दारात उभं राहून तिने विचारलं, "पेशंट कोण?" सोफ्यावर आम्ही दोघं बसलो होतो, तेव्हा प्रश्न अगदीच गैर नव्हता म्हणा. पण तिला आजाराचं नावही सांगितलेलं नव्हतं. मी अकराची गोळी काढून ठेवली होती, ती तिने मी दार लावून येईपर्यंत दुधाच्या कपाबरोबर देऊन टाकली. अंघोळीला नेताना समोरून दोन्ही हात धरून ओढायला लागली. हे दारात अडकले, ती ओढतेय, वरचं अंग पुढे येतंय. मी खुर्ची मागे सरकवली म्हणून बसते झाले. ती बाई वाईट नव्हती. तिने आतापर्यंत अंथरुणाला खिळलेले पेशंट सांभाळलेले, त्यांचं डायपर, कुशी बदलणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घ्यायची काळजी, हे तिला उत्तम येत असणार. पण चालता-अडखळता माणूस तिने पाहिलेलाच नव्हता, आणि पाठवणाऱ्याने विचारच केलेला नव्हता.

दुसऱ्या एकदा आलेली मावशी खुर्चीत बसल्याबसल्या पेंगायला लागली. चौकशी केली तर कळलं, आदल्या रात्री आठ ते सकाळी आठ ती बिबवेवाडीला कुणाकडे तरी ड्युटी करून तशीच आमच्याकडे आली होती. तिला चहा-पोळी देऊन तासभर आत झोपायला पाठवलं. दुसरं काय करणार? झोपेतल्या माणसाच्या हातात 72 किलो कसे द्यायचे? पण आम्ही पैसे भरले होते ते जागं राहणाऱ्या माणसाचे.

मॅनेजरला फोन केला. "काकू, सणासुदीला माणसं मिळत नाहीत हो." यावर मात्र माझा पारा चढला. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, उभी नोकरी पाळ्यांमध्ये गेली. दिवाळी असो की संक्रांत, पुढच्या पाळीची बाई कानाला हेडफोन लावून बोर्डावर बसेपर्यंत आधीची उठत नसे. आणि उठताना कुठला ट्रंक कॉल लागायचाय, कुठली लाइन खराब आहे, ते सांगून उठे. सणासुदीला माणसं मिळत नाहीत हे आमच्या सुपरवायझरनेही कधीतरी म्हटलं असेल, पण तिने ते गिऱ्हाइकाला ऐकवलं नाही. पाळीची व्यवस्था लावणं हेच तर त्या खुर्चीचं काम. मावशी शोधून द्यायला मला कंपनी लागत नाही. सोसायटीचा वॉचमनही दोन-चार बायकांचे नंबर देतो. रोजचे 850 रुपये मी देते ते मावशी न येण्याच्या दिवसासाठी, आणि तोच दिवस ते सांभाळू शकत नसतील तर बाकीच्या दिवसांचं कौतुक मावशींचं आहे, त्यांचं नाही.

भांडून एक गोष्ट पदरात पाडली, ती इथे मुद्दाम सांगते. मी मॅनेजरला म्हटलं, बदलीला येऊ शकतील अशा दोन मावश्या आजच नक्की करा. त्यांना एकेक करून अर्धा दिवस आमच्याकडे पाठवा, आमच्या मावशींबरोबर काम बघू देत. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे मी देईन. मॅनेजर आधी म्हणाली, "अशी पद्धत नाही." मग माझ्या मुलाने बंगळूरहून फोन केल्यावर म्हणाली, बघते. (बाईमाणसाने तीनदा सांगितलेलं पुरुषाने एकदा सांगितल्यावर ऐकू येतं, हा अनुभव याही खात्यात आला.) दोघी येऊन गेल्या. त्यातली एक, लातूरकडची, फार चटकन शिकली. माउलींचा ठेका तिला आमच्या मावशींपेक्षा चांगला जमतो, कारण गळा गोड आहे. तेव्हापासून खाडे निभावून जातात. हे झालं नसतं तर मी अडीचच गुण दिले असते.

आता वही. साधी दोनशे पानी, मीच आणली. तारीख, गोळी किती वाजता दिली, काय खाल्लं, पोट साफ झालं का, किती वेळ चालले, कुठे अडकले, रक्तदाब. मावशींचं अक्षर मोठं आणि सुबक आहे. जाताना त्या वही मला वाचून दाखवतात, सकाळी येताच रात्रीचं मी सांगते आणि त्या लिहितात. डॉक्टरांकडे जाताना ही वहीच नेतो. अंमल किती वाजता उतरतो हे त्यातून त्यांना नेमकं दिसलं आणि तीनची गोळी त्यांनी अडीचवर आणली.

कंपनीला मात्र वही चालत नाही, त्यांचं ॲप आहे. मावशींनी प्रत्येक काम झाल्यावर मोबाईलवर खूण करायची, म्हणजे मुलांना परगावी दिसतं. माहितीपत्रकात याचा केवढा डांगोरा! प्रत्यक्षात असं होतं की आमच्या घरात मावशींच्या फोनला रेंज नसते. म्हणून त्या गॅलरीत जाऊन सकाळी एकदा आणि दुपारी एकदा सगळ्या खुणा एकदम करून टाकतात. एके दुपारी मुलाचा फोन, "आई, अडीचची गोळी दिली ना? हिरवी खूण दिसतेय." मी घड्याळ बघितलं. "बाळा, इथे अजून पावणेदोन वाजलेत." गोळी डबीतच होती आणि वेळेवर दिलीही गेली, पण त्या हिरव्या खुणेवर परगावी बसून विश्वास ठेवणाऱ्याचं काय? खुणा भरल्या नाहीत तर मावशींचे पैसे कापतात म्हणे. मग त्या भरणारच. अर्धा गुण इथे गेला.

कॅमेऱ्याचंही मुलाने काढलं होतं. हॉलमध्ये लावला, मावशींना सांगून. झोपायच्या खोलीत लावू दिला नाही. यांना तिथे अंगावर ओलं फडकं फिरवून पुसतात, कपडे बदलतात. ते कुणी बघत बसावं असं मला वाटलं नाही, मुलगा असला तरी. विश्वासाची बाब म्हणून पोलीस पडताळणीचा कागद मागितला होता. "झालेली आहे" असं तोंडी सांगून बरेच दिवस टोलवाटोलवी केली आणि मग एकदाचा दिला. कागद हातात आल्याशिवाय पुढचं आगाऊ भरू नका. आणि कुणा एकट्या म्हाताऱ्या माणसाला घरात त्रास होतोय असं शेजारीपाजारी लक्षात आलं, तर 14567 ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, ती ठाऊक असू द्या.

पैशांबद्दल थोडं. रोजच्या 850 मधले मावशींच्या हातात साडेपाचशे पडतात, असं त्या म्हणतात. बाकीचे कंपनीचे. करारात कलम आहे की त्यांच्या मावशीला परस्पर कामावर ठेवलं तर दंड. आमच्या शेजारणीने सुचवलं, "थेट सातशे द्या ना, दोघींचा फायदा." मी मावशींना विचारलंसुद्धा. त्यांनी सरळ सांगितलं, "काकू, राग नका मानू, पण पेशंट गेला की दुसऱ्या दिवशी मला काम कोण देणार? ब्युरो देतो." त्यांच्या नोकरीचा शेवट बहुतेक वेळा असाच होतो, हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर तो विषय काढला नाही.

घरकामाचा वाद आमच्याकडे झाला नाही, पण होतो. कंपनीचा नियम आहे, फक्त पेशंटचं काम: त्यांचे कपडे, त्यांचं ताट, त्यांची चादर. घरातली धुणीभांडी, केर-फरशी मावशींकडून करून घेऊ नये, आणि ते योग्यच आहे. त्या भांडी घासत असताना हे एकटे उठायला गेले तर?

विम्याच्या भरवशावर कुणी राहू नका. आमच्या पॉलिसीत अटेंडंटचा एक पैसा मिळत नाही. विचारलं तेव्हा "हॉस्पिटलात दाखल असाल तर" हेच पालुपद. सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड 2024 च्या ऑक्टोबरपासून मिळतं, ते आम्ही दोघांनीही काढून ठेवलंय, पण तेही दवाखान्यात भरती होण्यासाठी. घरी माणूस सांभाळायचा तर खिशातून. महिन्याचे पंचवीस हजार होतात, ते आमच्या दोन पेन्शनी आणि मुलांमुळे झेपतात. न झेपणाऱ्यांनी निदान ती घरभेट आणि थोडे दिवस फिजिओ घ्यावा. आम्ही कंपनीचाच फिजिओ घेतला होता, एका वेळचे 600. मुलगा चांगला होता, व्यायाम मावशींना शिकवून गेला, मग बंद केला.

आणि ज्यांच्या घरी हाच आजार आहे त्यांनी पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाशी जरूर संपर्क ठेवावा. आजाराबरोबर कसं जगायचं हे तिथे ते जगणारे लोकच सांगतात. यांना जावंसं वाटत नाही, मी जाते.

कुणी ही सेवा घ्यावी? ज्यांच्या घरात एक तरी माणूस दिवसभर हजर आहे, वही बघणारं, गोळ्यांचं घड्याळ सांभाळणारं आणि मॅनेजरशी भांडणारं, त्यांनी खुशाल घ्यावी. आई किंवा वडील एकटेच राहतात, मुलं परदेशात, आणि सगळा भरवसा ॲपवर, अशांना मी आजच्या घडीला घ्या म्हणणार नाही. त्यांनी आधी शाखेत जाऊन बसावं आणि विचारावं, उद्या मावशी आली नाही तर कोण येणार, तिला मला आज दाखवा. दाखवली तर पुढे बोलावं.

दिवाळी तोंडावर आली आहे. आमच्या मावशी वसुबारसेला गावी जाणार, भाऊबीज करून परत येणार. लातूरच्या मावशींनी मधले दिवस कबूल केलेत. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला दुप्पट दर लागेल, असं मॅनेजरने आतापासूनच कळवलंय. त्या दुपटीतले मावशींच्या हातात किती जाणार, ते मी लेखी विचारलंय. उत्तर आलं की गुणांचा आकडा वर न्यायचा की खाली, ते बघू.